एका यंत्रांतलीं दोन बिऱ्हाडें

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत आज माणशीं एक स्मार्टफोन असतो. बोलणें, निरोप धाडणें, छायाचित्रें काढणें आणि पैसे देणें या चार कामांपलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. हा फोन म्हणजे वस्तुतः एक संगणक आहे, हें सर्वांना ऐकून ठाऊक असतें. परंतु मेजावरच्या संगणकावर जें काम होतें तें या खिशांतल्या संगणकावर कां होऊं नये, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्या थोड्या लोकांच्या मनांत तो आला त्यांनीं फोनच्या मूळच्या व्यवस्थेला धक्का न लावतां तिच्या पोटांत दुसरी एक संपूर्ण व्यवस्था, म्हणजे डेस्कटॉप संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, बसवून दाखविली. ज्या साधनानें हें साधलें त्याला ‘कंटेनर’ असें म्हणतात. या उद्योगाचा इतिहास फोनपुरता पाहिला तर २००८ पासूनचा, आणि मुळापासून पाहिला तर जवळजवळ साठ वर्षांचा आहे. तो पाहतांना यंत्रविद्येपेक्षां मालकीचाच प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रांत कोणी राहावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. संगणकाचें यंत्र स्वतः आंधळें असतें. स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामाला द्यावा, पडद्यावर केव्हां काय उमटावें, एकाच वेळीं चाललेल्या दहा कामांना पाळीपाळीनें वेळ कसा वांटून द्यावा, ही सर्व व्यवस्था लावणारा जो कारभारी त्याला कर्नेल असें नांव आहे. या कारभाऱ्याभोंवतीं फाइलींची मांडणी, नित्याच्या उपयोगाचे लहानमोठे प्रोग्राम, खिडक्या आणि चित्रें असा सर्व संसार उभा राहतो, आणि तो मिळून ऑपरेटिंग सिस्टिम होते. येथें पुण्याच्या जुन्या वाड्याची उपमा चांगली लागू पडते. वाड्याला दिंडी दरवाजा एक आणि विहीर एक. पण आंत बिऱ्हाडें अनेक. प्रत्येकाची चूल निराळी, देवघर निराळें, कुलूपहि निराळें; पाणी मात्र सर्वजण एकाच विहिरीचें भरतात. कंटेनर हें असें एक बिऱ्हाड आहे. त्यांत स्वतःच्या फाइली आणि स्वतःचे प्रोग्राम असतात, शेजारच्या बिऱ्हाडांत काय चाललें आहे याचा त्याला पत्ता नसतो. पण कर्नेल तेवढें तें वाड्याचेंच वापरतें.

याहून निराळी अशी दुसरी एक पद्धत आहे, तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तींत पाहुण्याला एक खोली न देतां त्याची स्वतःची विहीर खणलेला स्वतंत्र बंगलाच बांधून देतात; म्हणजे एका यंत्रांत दुसऱ्या संपूर्ण यंत्राचा आभास निर्माण करतात. ही पद्धत दोहोंत वडील आहे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील केंद्रांत १९६७ सालीं ती सिद्ध झाली आणि १९७२ सालीं कंपनीनें व्हीएम/३७० या नांवानें ती बाजारांत आणली. तिच्यामुळें एकाच अवाढव्य संगणकावर बसलेल्या अनेकांपैकीं प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपल्याच मालकीचें आहे असें वाटे. मात्र बंगला बांधावयाचा म्हणजे जागा लागते आणि खर्चहि होतो. जेथें स्मृति तुटपुंजी आणि वीज बॅटरीपुरती, तेथें बिऱ्हाडाचीच पद्धत परवडते. फोनच्या इतिहासांत कंटेनरला जें महत्त्व आलें तें यामुळें.

कंटेनर हा शब्द गोदीवरचा आहे. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचें ‘आयडियल एक्स’ हें जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालें, आणि तेथून मालवाहतुकीचा इतिहास पालटला. १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावाशेव्याच्या बंदरांत अशा पेट्यांच्या उतरंडी मुंबईकरांनीं पाहिल्या आहेत. पेटींत कापूस आहे कीं काचसामान, हें यारीला कळावें लागत नाहीं. पेटीचें माप ठरलेलें असलें म्हणजे झालें. संगणकाच्या प्रोग्रामांचीहि अशीच पेटी बांधावी, म्हणजे ती कोणत्याहि यंत्रावर उतरवितां येईल, ही कल्पना २०१३ सालीं ‘डॉकर’ या साधनानें सर्वतोमुखीं केली. पाठीवर पेट्या लादलेला देवमासा हें डॉकरचें बोधचिन्ह त्याच कल्पनेचें द्योतक आहे.

नांव गोदीचें असलें तरी या साधनाचें कूळ मात्र तुरुंगाचें आहे. १९७९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें युनिक्सची सातवी आवृत्ति बाहेर काढली, तींत ‘सीएच-रूट’ नांवाची एक आज्ञा होती. फाइलींचा सारा पसारा ज्या एका मुळापासून फुटतो तें मूळ एखाद्या प्रोग्रामपुरतें बदलावयाचें, इतकेंच तिचें काम. मूळ बदललें कीं त्या प्रोग्रामला ठरवून दिलेल्या खोलीबाहेरचें जग दिसेनासें होतें. ती खोली हेंच विश्व असें तो समजतो. जानेवारी १९९१ मध्यें त्याच बेल प्रयोगशाळेच्या संगणकावर एक परका घुसखोर चढाई करूं लागला, तेव्हां बिल चेस्विक यांनीं त्याला हांकलून न देतां अशीच एक खोटी कोठडी रचून तींत गुंतवून ठेविलें आणि त्याच्या हालचाली न्याहाळल्या. पुढें त्यांनीं ती सारी हकीकत एका निबंधांत सांगितली. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग कॅम्प यांनीं ही कोठडी अधिक भक्कम केली, आणि मार्च २००० मध्यें फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तींत ती आली. तिचें नांवच मुळीं ‘जेल’ असें ठेवण्यांत आलें. लिनक्समध्यें २००२ पासून प्रत्येक गटाला जगाचें निराळें चित्र दाखविण्याची सोय येऊं लागली, आणि जानेवारी २००८ मध्यें कोणत्या गटानें स्मृति व वेळ किती वापरावा यावर मर्यादा घालण्याची सोयहि तींत आली. या दोहोंच्या मिलाफांतून त्याच वर्षीं ‘एलएक्ससी’ हें लिनक्सचें कंटेनर-साधन तयार झालें. संशयिताला डांबण्याकरितां बांधलेली ही खोली पुढें फोनमध्यें मोकळीकीची जागा ठरली, हें या इतिहासांतलें एक नवल आहे.

फोन या कामाला लायक कसा झाला, हेंहि पाहिलें पाहिजे. इंग्लंडमधील केंब्रिज येथें एकॉर्न नांवाची एक लहानशी कंपनी होती. तेथील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीं रचलेला एआरएम प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजीं प्रथम चालला. त्याची विजेची भूक इतकी अल्प होती कीं, चांचणीच्या वेळीं वीज मोजण्याचा कांटा शून्यावरच राहिला. पाहतां असें आढळलें कीं त्याला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच तो काम करीत होता, असें त्याच्या रचनाकारांनीं सांगितलें आहे. त्याच वंशाचे प्रोसेसर आज बहुतेक सर्व स्मार्टफोनांत आहेत.

प्रोसेसर असा आला, आणि कारभारी दुसरीकडून आला. हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ऑगस्ट १९९१ मध्यें लिनक्स कर्नेलची वार्ता जगाला दिली. १९९३ च्या ऑगस्टमध्यें इयान मर्डॉक यांनीं त्या कर्नेलभोंवतीं ‘डेबियन’ नांवाचा संपूर्ण संसार मांडण्यास आरंभ केला. डेबियन कोणा एका कंपनीची नव्हे; स्वेच्छेनें राबणाऱ्या लोकांनीं ती वाढविली, आणि पुढें उबुंटूसारख्या अनेक प्रणाली तिच्यापासून निघाल्या. इकडे २००३ सालीं कॅलिफोर्नियांत अँड्रॉइड नांवाची कंपनी निघाली, २००५ सालीं ती गूगलनें विकत घेतली, आणि नोव्हेंबर २००७ मध्यें अँड्रॉइड ही फोनची प्रणाली जाहीर झाली. तिचें कर्नेल लिनक्सचेंच. पण त्याभोंवतींचा संसार सर्वस्वीं निराळा. पडदा रंगविण्याची रीत निराळी, प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक साहित्याचें भांडार निराळें, फाइलींची मांडणीहि निराळी. म्हणून डेबियनचा प्रोग्राम अँड्रॉइडवर तसाच नेऊन ठेविला तर चालत नाहीं. तथापि विहीर दोघांचीहि एकच आहे. डेबियनला तिच्या सर्व भांड्याकुंड्यांसह एका खोलींत बसविलें तर पाण्याची अडचण पडूं नये, हें जाणत्यांच्या ध्यानांत लौकरच आलें. याच कारणानें विंडोजचें बिऱ्हाड मात्र या वाड्यांत नांदूं शकत नाहीं, कारण त्याला निराळ्याच विहिरीचें पाणी लागतें. त्याकरितां बंगलाच बांधावा लागतो.

अँड्रॉइडचा पहिला फोन, जी१, अमेरिकेंत ऑक्टोबर २००८ मध्यें विक्रीस आला. त्याची स्मृति अवघी १९२ मेगाबाइट होती. पडदा सरकविला कीं खालून कळफलक बाहेर येई. लिनक्समध्यें ‘रूट’ नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याची किल्ली ज्याच्या हातीं तो यंत्राचा खरा धनी. फोन विकणारे ही किल्ली ग्राहकाला देत नाहींत, आणि जी१ च्या बाबतींतहि ती दिलेली नव्हती. पण एक मौजेची चूक होऊन गेली होती. कळफलकावर कोठेंहि कांहीं लिहिलें तरी तीं अक्षरें पडद्यामागें चालू राहिलेल्या एका रूटच्या आज्ञाखिडकींतहि जाऊन पडत. एखाद्यानें निरोप लिहितां लिहितां ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द एका ओळींत एकटाच लिहिला, कीं फोन मुकाट्यानें बंद होऊन पुन्हां सुरू होई! ही चूक गूगलनें नोव्हेंबरमध्यें दुरुस्त केली. पण दरम्यान तिच्याच आधारें फोनच्या धन्यांनीं आपल्या फोनची किल्ली हस्तगत केली होती. त्याच महिन्यांत जे फ्रीमन या अमेरिकन प्रोग्रामकारानें जी१ च्या स्मृतिपत्रावर डेबियन साठवून, सीएच-रूटच्या जुन्या युक्तीनें ती अँड्रॉइडच्या शेजारीं चालविण्याची रीत प्रसिद्ध केली. फोन वाजत होता, निरोप येत होते, आणि त्याच वेळीं आंतल्या खोलींत डेबियनचे हजारों प्रोग्राम हांकेला ओ देण्यास सिद्ध होते. पहिला अँड्रॉइड फोन बाजारांत येऊन पुरता दीड महिनाहि झाला नव्हता, तोंच हें दुसरें बिऱ्हाड थाटलें गेलें. तेव्हां ही गोष्ट होणें शक्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न २००८ सालींच निकालांत निघाला. पुढची सारी वर्षें गेलीं तीं ती होऊं द्यावी कीं न द्यावी, या वादांत.

कंपन्यांनीं प्रयत्न केले नाहींत असें नाहीं. २०११ च्या आरंभीं मोटोरोला कंपनीनें अॅट्रिक्स नांवाचा फोन काढला. लॅपटॉपसारखा दिसणारा, पण ज्याला स्वतःचा मेंदू नाहीं असा पडदा व कळफलक तिनें सोबत विकावयास ठेविला. फोन त्याच्या पाठीशीं खोंचला कीं लिनक्सचा डेस्कटॉप उघडे आणि त्यावर फायरफॉक्स चाले. कल्पना नामी होती. पण त्या नुसत्या सांगाड्याची किंमत ५०० डॉलर, आणि तेवढ्या पैशांत त्या काळीं एक साधा लॅपटॉप सबंध मिळे. २०१२ संपण्यापूर्वींच कंपनीनें तो नाद सोडला.

फेब्रुवारी २०१२ मध्यें उबुंटूची कॅनॉनिकल कंपनी पुढें आली. अँड्रॉइड आणि उबुंटू एकाच कर्नेलवर शेजारीं शेजारीं ठेवावयाचीं, फोन खिशांत असेल तोंवर अँड्रॉइडनें बोलावें आणि पडद्याला जोडला कीं उबुंटूनें मेज मांडावें, अशी ती योजना होती. बार्सिलोनाच्या प्रदर्शनांत ती लोकांनीं पाहिली आणि वाखाणलीहि; पण ती अंगीकारून फोन विकण्यास एकहि कारखानदार पुढें आला नाहीं, आणि २०१४ सालीं काम थांबलें. मध्यंतरीं, २०१३ च्या उन्हाळ्यांत, कॅनॉनिकलनें स्वतःच असा फोन घडविण्यासाठीं लोकवर्गणी मागितली. ३ कोटि २० लक्ष डॉलरांचा संकल्प होता. महिन्याभरांत १ कोटि २८ लक्षांचीं आश्वासनें आलीं. त्या काळच्या मानानें ही रक्कम अपूर्वच होती. परंतु संकल्प पुरा न झाल्यामुळें सर्वांचे पैसे परत गेले. पुढें कॅनॉनिकलनें फोनसाठीं जी निराळी उबुंटू रचिली, तींत तर वाड्याची व्यवस्थाच उलटी झाली. तेथें यजमान उबुंटू आणि कोठडींत अँड्रॉइड. कारण फोनच्या कॅमेऱ्याशीं, आवाजाशीं आणि संदेशवहनाच्या यंत्राशीं बोलण्याची भाषा कारखानदारांनीं अँड्रॉइडलाच काय ती शिकविली होती. एप्रिल २०१७ मध्यें कंपनीनें हेंहि काम सोडलें. तेव्हांपासून स्वयंसेवकांची एक संस्था तें चालवीत आहे.

२०१६ सालीं प्रीतम डिसूझा यांनीं ‘मारू’ नांवाची प्रणाली नेक्सस ५ या फोनकरितां पुढें आणली. तींत एलएक्ससीच्या कंटेनरमध्यें डेबियन असे, आणि फोनला मोठा पडदा जोडला कीं ती प्रकट होई. मग मोठ्या कंपन्यांपैकीं सॅमसंगनें मनावर घेतलें. २०१७ सालीं तिनें फोन पडद्याला जोडण्याची ‘डेक्स’ नांवाची सोय काढली होती. नोव्हेंबर २०१८ पासून तींत कांहीं निवडक यंत्रांवर, चांचणीदाखल, कंटेनरमधील उबुंटू चालूं लागली. रूटची किल्ली चोरावी लागत नव्हती, फोनची हमी जात नव्हती, बिऱ्हाडकरूला धन्यानें आपण होऊन खोली दिली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीं तिचें स्वागत केलें. परंतु वर्षहि पुरतें झालें नव्हतें तोंच, ऑक्टोबर २०१९ मध्यें, अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीबरोबर ही सोय बंद होणार असें कंपनीनें कळविलें. ज्यांनीं त्या खोलींत आपलें काम मांडलें होतें त्यांच्यापुढें दोनच वाटा उरल्या: फोन जुन्याच आवृत्तीवर ठेवावयाचा, नाहीं तर सामान उचलावयाचें. यंत्र तेंच होतें, त्याची शक्ति तीच होती. बदलला तो केवळ धन्याचा विचार.

धन्याच्या मर्जीवर न विसंबणाऱ्यांचाहि एक मार्ग याच काळांत रुळत होता. २०१५ सालीं ‘टर्मक्स’ नांवाचें ॲप निघालें. त्यानें साध्या फोनवर, रूटच्या किल्लीवांचून, लिनक्सची आज्ञाखिडकी उघडून दिली. त्याच्या जोडीला ‘पी-रूट’ नांवाचें साधन आहे. हें खरें कंटेनर नव्हे, कंटेनरचें सोंग आहे. पण तें फार हुशारीनें वठविलेलें आहे. आंतल्या प्रोग्रामनें कर्नेलकडे कांहींहि मागितलें कीं पी-रूट मध्येंच तो अर्ज अडवितें. प्रोग्राम म्हणतो, मुळाजवळची अमुक फाइल उघडा; पी-रूट तो पत्ता खोडून ॲपच्या खोलींतला खरा पत्ता घालतें आणि अर्ज पुढें धाडतें. प्रोग्राम विचारतो, मी रूट आहें ना? पी-रूट उत्तर देतें, होय, आहेस. नाटकांतल्या राजाला जसा मुकुट मिळतो पण खजिना मिळत नाहीं, तसाच हा प्रकार. प्रत्येक अर्ज असा दोनदां हाताळला गेल्यामुळें काम कांहींसें मंदावतें. परंतु डेबियन किंवा उबुंटू यांचा संपूर्ण संसार, लेखनाच्या व हिशेबाच्या साधनांसह, त्यांत उभा राहतो. तो पडद्यावर दिसावा कसा? त्याकरितांहि केंब्रिजच्याच एका प्रयोगशाळेंतून निघालेली ‘व्हीएनसी’ ही जुनी युक्ति उपयोगी पडते. आंतली प्रणाली एका काल्पनिक पडद्यावर चित्र काढते, आणि फोनवरचें दुसरें ॲप तें चित्र खऱ्या पडद्यावर दाखवितें. दोन गांवांमधल्या संगणकांसाठीं योजिलेलें साधन येथें एकाच खिशांतल्या दोन बिऱ्हाडांमध्यें निरोप्याचें काम करतें.

या मार्गावरहि कांटे आलेच. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या नियमांनीं बांधलेल्या ॲपला स्वतःच्या खोलींत मागाहून आणलेला प्रोग्राम चालविण्याची बंदी झाली. टर्मक्सचा तर सारा व्यवहार त्यावरच अवलंबून. त्यामुळें गूगलच्या दुकानांत त्याच्या नव्या आवृत्त्या येणें थांबलें आणि लोकांना तें इतर ठिकाणांहून घ्यावें लागलें. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीनें पडद्यामागें चालणाऱ्या पोटप्रोग्रामांची संख्या ३२ वर आणून ठेविली. तिच्यावर गेली कीं जास्तीचे प्रोग्राम सूचना न देतां मारले जात. डेस्कटॉपच्या संसारांत ३२ माणसें ही कांहीं मोठी पंगत नव्हे. पुढील आवृत्त्यांत हा निर्बंध उठविण्याची कळ ठेवण्यांत आली. पण ती शोधून काढणें सामान्य माणसाचें काम नव्हे.

धन्याची बाजू मात्र अगदींच पोकळ नाहीं. आज फोनमध्यें माणसाचें बँकेचें खातें, औषधोपचाराचे कागद आणि घरचीं छायाचित्रें असतात. मागाहून आणलेला प्रोग्राम चालवूं देणें म्हणजे सज्जनाबरोबर चोरालाहि दार मोकळें करणें होय. रूटची किल्ली घेतलेल्या फोनवर बँकांचीं ॲपें पुष्कळदां चालण्याचें नाकारतात, तें याच भीतीपोटीं. शिवाय बिऱ्हाडाच्या पद्धतींत विहीर एक असल्यामुळें, कर्नेलमधला एखादा दोष आंतल्याच्या हातीं लागला तर साऱ्या वाड्याला धोका पोहोंचतो. ही शंका खरी आहे. परंतु तिचें उत्तर भाडेकरूला बाहेर काढणें एवढेंच असूं शकतें काय, हा प्रश्न राहतो.

तें तसें नाहीं, हें पुढें गूगलनेंच दाखविलें. २०२२ च्या तेराव्या आवृत्तींत तिनें अँड्रॉइडमध्यें व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था आणिली, आणि मार्च २०२५ मध्यें पिक्सेल फोनांवर ‘टर्मिनल’ नांवाचें एक ॲप दिलें. तें उघडलें कीं फोनमध्यें एक लहानसा स्वतंत्र बंगला उभा राहतो आणि त्यांत डेबियन नांदूं लागते. तिला स्वतःचें कर्नेल असतें; त्यामुळें आंतल्या पाहुण्यानें कितीहि धुडगूस घातला तरी वाड्याच्या विहिरीला अपाय होणें फार अवघड. फोनांची स्मृति आतां गिगाबाइटांत मोजली जात असल्यामुळें बंगल्याचा खर्चहि सोसूं लागला आहे. १९६७ सालीं खोलीभर यंत्रासाठीं काढलेली युक्ति अशी खिशांत आली, आणि जी डेबियन २००८ सालीं मागच्या दारानें शिरली होती तिला पुढच्या दारानें आंत येण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागला.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्याच्या घरीं मेजावर संगणक आहे त्याला ही हौस वाटेल, आणि त्याच्यापुरतें तें खरेंहि आहे. फोनचा पडदा लहान, कळफलक वेगळा जोडावा लागतो, दीर्घ काम घेतलें तर यंत्र तापतें, आणि इंटेलच्या प्रोसेसरसाठीं केलेले प्रोग्राम दुभाषाच्या मदतीवांचून चालत नाहींत. परंतु ज्याच्या घरीं दुसरा संगणकच नाहीं त्याचें काय? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीप्रमाणें २०१७-१८ सालीं भारतांतील नागरी कुटुंबांपैकीं शेंकडा २३ आणि ग्रामीण कुटुंबांपैकीं शेंकडा ४ इतक्यांच्याच घरीं संगणक होता. मग २०२० सालीं शाळांचे दरवाजे मिटले आणि पुष्कळ घरांत सारें शिक्षण एका फोनवर येऊन ठेपलें. पाठ ऐकण्यास तो पुरला. पण निबंध नीट मांडून लिहिणें, आंकडेमोडीचा तक्ता करणें, प्रोग्राम लिहून तो चालवून पाहणें, या कामांना तो अपुरा पडला. हें अपुरेपण यंत्राच्या शक्तीचें नव्हतें. आजच्या साध्या फोनची शक्ति १९९३ सालीं ज्या यंत्रांवर डेबियन घडली त्यांच्याहून कितीतरी पटींनीं अधिक आहे. जुना दूरचित्रवाणीसंच, स्वस्तांतला कळफलक आणि फोनच्या आंतली ती दुसरी खोली, एवढ्यावर विद्यार्थ्याचें मेज सजूं शकतें. एकाच वस्तूनें पाहणारा घडावा कीं करणारा, याचा निर्णय त्या खोलीच्या कुलुपावर अवलंबून आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यांत सांगतां येण्यासारखा आहे. कंटेनरची विद्या फोनला २००८ पासूनच साध्य होती. ती कधीं एका चुकीमुळें हातीं आली, कधीं कंपनीच्या औदार्यानें मिळाली, कधीं एका परिपत्रकानें गेली आणि कधीं सोंग आणून टिकवावी लागली. सीएच-रूट, डेबियन, टर्मक्स हीं जीं साधनें टिकलीं, तीं सर्वांना उघडीं होतीं. जीं एका कंपनीच्या मर्जीवर होतीं त्यांतलीं बहुतेक दोन वर्षेंहि जगलीं नाहींत. फोन घेतांना कॅमेरा किती सूक्ष्म आणि पडदा किती झळझळीत हें सर्वजण विचारतात. त्याच्या कुलुपाची किल्ली मागितल्यास मिळते कीं नाहीं, हेंहि एकदां विचारून पाहावें. आज धन्यानें दार उघडलें आहे ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु त्याची कडी आंतून आहे कीं बाहेरून, हें पाहिल्यावांचून बिऱ्हाडकरूनें निश्चिंत होऊं नये.